पाणी ओतण्याच्या दोन रीती

गदाल्या गेला त्या पहाटे
फ्रूमा म्हणाल्या, घरातलं सगळं पाणी ओतून टाक.
किटलीतलं, जगमधलं, फुलदाणीतलंसुद्धा.
कारण विचारलं नाही. मी पगारी बाई,
हैफातल्या चौथ्या मजल्यावर
पाच वर्षं त्यांना आंघोळ घालणारी.

बेसिनमध्ये पाणी गुडगुडत गेलं
आणि मला आईचा हात आठवला, मातराजवळच्या गावातला,
सुरईतून वाटीत ओतणारा,
वाटी भरली तरी ओतत राहणारा,
बशीत सांडेपर्यंत, भिक्खूंचा आवाज थांबेपर्यंत.
आमच्यात मेलेल्याला असं पोचवतात पुण्य.
तेवढ्यात तहान लागली मला.
प्यायला घरात थेंब नव्हता.

सात दिवस त्या बुटक्या स्टुलावर बसल्या.
आरशांवर चादरी,
ब्लाउज उजवीकडे छातीशी फाडलेला.
लोक यायचे, गप्प बसायचे.
त्या बोलल्याखेरीज कुणी बोलायचं नाही, असा नियम.
कुणी मसूर आणले, कुणी उकडलेली अंडी.
आमच्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही,
शेजारी भात घेऊन येतात.
एवढं जुळलं.

महिना उलटल्यावर मी सुई-दोरा घेऊन बसले.
"आता शिवायला चालतं ना?"
"चालतं. मला चालत नाही.
शिवलं तर त्याला वाटेल, भागलं."
"गदाल्याला?"
"छे." बोट छताकडे.
"माझी त्याच्यावर केस आहे. हा ब्लाउज पुरावा.
करार झालाय आमचा त्याच्याशी, जुना,
भांडायचा हक्क त्यातच येतो.
तुमच्यात कुणाशी भांडतात?"

म्हटलं, आमच्या खिडकीपाशी कुणी बसलेलंच नसतं.
अर्ज द्यायचा कुणाकडे?
बुद्धांनी सांगितलं ते एवढंच:
दुःख आहे. त्याला कारण आहे. कारणाचं नाव तहान.
नुसती तहान नव्हे, धरून ठेवणं, कसं सांगू...
माझं हिब्रू तोकडं. मूठ करून दाखवली.

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.
"ही सोडली तर त्याला आठवणार कोण?
आमच्यात विसरायची परवानगी नाही."
"सोडणं म्हणजे विसरणं नव्हे."
"मग काय?"
मला सांगता आलं नाही.
सिंहलातही आलं नसतं.

कारण माझ्या बॅगेत, पासपोर्टखाली,
एक चप्पल आहे. डाव्या पायाची. सहा वर्षांच्या पायाची.
समुद्र गावात शिरला त्या सकाळची.
सगळं अनित्य, असं मी रोज म्हणते
आणि चप्पल टाकत नाही.
या घरातही समुद्राकडचा पडदा ओढलेलाच असतो.
उन्हामुळे, असं सांगते.

वर्ष भरलं. फ्रूमांनी मेणबत्ती लावली,
रात्रभर आणि दिवसभर जळणारी.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"ते पाणी कसं ओततात तुमच्यात? ओत.
त्या चपलेसाठी ओत.
बॅग मी उघडली होती. रागवायचं तर रागाव."

म्हटलं, भिक्खू लागतात.
म्हणाल्या, आम्हाला दहा पुरुष लागतात,
या जिन्याने चढून येतायत का बघ.

मी ओतलं. त्यांच्या थरथरत्या हातांत बशी.
ग्लास भरला, बशी भरली,
टेबलक्लॉथचा रंग गडद होत गेला.
त्या काहीतरी पुटपुटत होत्या,
प्रार्थना की खडसावणं कोण जाणे,
त्यांचा दोन्हींचा सूर एकच.
मी नाव घेतलं, कित्येक वर्षांनी, मोठ्याने:
सेव्वंदी.

त्यांनी ते म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं.

पाणी टेबलाच्या कडेवरून फरशीवर ठिबकायला लागलं.
फडकं हाताशी होतं. उठलं कुणीच नाही.
"बस?" मी विचारलं.
त्यांनी मान वाकवून पाहिलं.
जगात अजून पाणी होतं.